दुखणे एकाचे, जागरण दोघांचे

संध्याकाळी गंगेवर निवृत्तांचा कट्टा भरतो. (आम्ही पंचवटीकर गोदावरीला गंगाच म्हणतो.) साखर, गुडघे, बायपास यांवर तिथे तासन्‌तास बोलणे चालते. प्रोस्टेटच्या कर्करोगाचा विषय मात्र ‘झाले उपचार, आता ठीक’ एवढ्यावर मिटतो. पुढचे कोणी विचारत नाही, कारण पुढचे सगळे कमरेखालचे असते.

वैद्यकाने आपले काम चोख केले आहे. हा रोग पुरुषी संप्रेरकावर पोसतो हे चार्ल्स हगिन्स यांनी १९४१ मध्ये दाखवले. १९६६ मध्ये त्यांना नोबेल मिळाले. १९८२ मध्ये पॅट्रिक वॉल्श यांनी कामशक्तीच्या नसा वाचवून ग्रंथी काढण्याची रीत घालून दिली. अनेक रुग्ण आता वर्षानुवर्षे जगतात. पण शस्त्रक्रियेनंतर शिंकेसरशी लघवी सुटते. किरणोपचारानंतर शौचाची घाई होते. संप्रेरक थांबवणारी इंजेक्शने घेतली, किंवा खर्च परवडत नाही म्हणून अंडकोष काढून घेतले, की अंगातून गरम वाफा निघतात, हाडे ठिसूळ होतात, चिडचिड वाढते आणि शरीरसंबंधाची इच्छाच मावळते.

ओळखीच्या एका वहिनींनी आमच्या हिला सांगितले, ‘वर्ष झाले, हे पाठ करून झोपतात. माझेच काहीतरी चुकले असणार.’ कारण होते ते इंजेक्शन. रुग्णालयाने हे परिणाम सांगितले होते, पण मुलाला. फाईल त्याच्या हातात, इंग्रजी त्याला येते. आता आईवडिलांपुढे हा विषय त्याने कोणत्या तोंडाने काढायचा?

यातला दैवदुर्विलास असा, की गरम वाफा म्हणजे काय हे त्या वहिनींना पुरते ठाऊक होते. पाळी जाताना त्यांनी त्या सोसल्या होत्या, एकटीने. रात्री दोन वाजता पंखा वाढवायला उठणाऱ्या नवऱ्याच्या शेजारीच या विषयातली जाणकार झोपलेली असते! व्यायामाचेही तेच. ओटीपोटाच्या तळाचे स्नायू आवळण्याचा व्यायाम अर्नॉल्ड केगेल यांनी १९४८ मध्ये बाळंतपणानंतर लघवी न थांबणाऱ्या बायकांसाठी मांडला. आज तोच शस्त्रक्रियेनंतर पुरुषांना शिकवतात. तो नेमाने, महिनोन्‌महिने करावा लागतो आणि आठवण करून द्यायला घरात कोणीतरी लागते.

अमेरिकेत तेव्हा नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठात परिचर्याशास्त्र शिकवणाऱ्या लिक्सिन साँग यांनी याच विचाराने इंटरनेटवरचा एक कार्यक्रम तयार केला. रुग्ण आणि जोडीदार, दोघांनी घरी बसून पाहायचा. त्रास कसा आवरावा आणि त्याबद्दल एकमेकांशी कसे बोलावे, दोन्ही त्यात आहे. मला त्यातले दुसरे अधिक मोलाचे वाटते.

आपल्याकडे हे कशाला, असे म्हणणाऱ्यांनी लघवी न आवरणाऱ्या माणसाला घेऊन पंचवटी एक्स्प्रेसने दादर आणि तिथून परळचे टाटा रुग्णालय असा प्रवास एकदा करून पाहावा. तपासणीला जावेच लागते. पण वाफा, झोप, व्यायाम, अंथरुणातला दुरावा यांवर बोलायला तेवढा प्रवास नको. २०२० च्या टाळेबंदीत ई-संजीवनी सेवा घरबसल्या खुली झाली आणि खेड्यापाड्यांतल्या माणसांनाही पडद्यावरच्या डॉक्टरांची सवय लागली. त्याच वाटेने कर्करोग रुग्णालयांच्या परिचारिकांनी आणि समुपदेशकांनी जोडप्यांसाठी मराठीतून वेळ राखून ठेवावा. अन्यथा ही जागा ‘मर्दानी ताकदी’च्या जाहिराती भरून काढतात, त्या मोबाइलवर न मागता येतात.

अडचण एकच उरते. घरातला चांगला मोबाइल मुलाकडे किंवा नातवाकडे असतो. त्याने फोन लावून द्यावा, आवाज येतो ना ते पाहावे, समोर दोन खुर्च्या मांडाव्यात आणि दार ओढून खुशाल बाहेर जावे.