दर्या की दऱ्या?

आमच्या नल्लकुंट्यात जवळजवळ प्रत्येक इमारतीत एखादा तरी सॉफ्टवेअरवाला सापडतो. त्याचं गाऱ्हाणं ठरलेलं: "डिझायनर चित्रं काढून मोकळा होतो, निस्तरायचं आम्ही!" डिझायनर म्हणतो, "आम्ही काढलं एक, दिसतंय भलतंच." मला वाटतं, दोघंही खरंच बोलतात. फक्त ते भेटतात फार उशिरा.

मराठीचंच घ्या. 'दर्या' म्हणजे समुद्र आणि 'दऱ्या' म्हणजे डोंगरांमधल्या. दुसऱ्या शब्दातला अर्धा 'र' कसा दिसावा, हे डिझायनर ठरवतो. तो कधी उमटावा, हा नियम इंजिनिअर लिहितो. एकाने मनापासून काम केलं आणि दुसऱ्याला त्याचा पत्ताच नसला, तर दरीचा समुद्र व्हायला कितीसा वेळ?

र. कृ. जोशी हे कवी आणि सुलेखनकार. मुंबईच्या नॅशनल सेंटर फॉर सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजीत त्यांनी संगणकतज्ज्ञांसोबत काम केलं. त्यांचा 'मंगल' फाँट विंडोज २००० मध्ये आला आणि देवनागरी संगणकावर रुळली.

आज मात्र अनेक ॲप आधी इंग्रजीच्या मापाने आखली जातात. मग मराठीच्या वेलांट्या वरून छाटल्या जातात, तेलुगूची जोडाक्षरं खालून. एकत्र बसण्यात वेळ जातो, हे कबूल. पण नंतर ठिगळं लावण्यात जास्त जातो, आणि तोवर आपली माणसं इंग्रजीचं बटण दाबून मोकळी होतात.

म्हणून या क्षेत्रात जाणाऱ्यांनो, पहिल्याच दिवशी एका टेबलाशी बसा. समोरच्या कागदावर आधी 'दऱ्या' लिहा.