माळ घातली, ताटाचे काय?

आमच्या लोणंदला वर्षाचे दोन मोठे हंगाम. एक कांद्याचा आणि दुसरा माउलींच्या पालखीचा. ज्येष्ठ संपत आला की नीरेच्या दत्तघाटावर पादुकांना स्नान घालून पालखी सातारा जिल्ह्यात येते आणि जिल्ह्यातला पहिला मुक्काम लोणंदला पडतो. गावात पाय ठेवायला जागा उरत नाही. मग पालखी तरडगावच्या वाटेला लागते, चांदोबाच्या लिंबापाशी पहिले उभे रिंगण होते आणि गाव पुन्हा आपल्या उद्योगाला लागते. पण दरवर्षी दोन-चार घरे अशी असतात की, पालखीबरोबर पंढरीला गेलेला माणूस परत येतो तो गळ्यात तुळशीची माळ घालून.

माळ म्हणजे नुसता दागिना नव्हे. माळ घातली की मद्य आणि मांस सुटले, एकादशी लागली, खोटे बोलताना जीभ अडखळू लागली. माळेने सावरलेले संसार मी डोळ्यांनी पाहिले आहेत. बँकेत असताना कर्जाच्या अर्जावर शिफारस लिहिताना अर्जदाराच्या गळ्यात माळ दिसली की मनातल्या मनात मी एक गुण जास्त देत असे. कोणत्याही नियमात ते बसत नव्हते, पण अनुभव तसा होता. तेव्हा माळेविरुद्ध मला काही म्हणायचे आहे, असा गैरसमज कोणी करून घेऊ नये. मला बोलायचे आहे ते ताटाबद्दल. माळ घातल्यावर ताटातून काय काढायचे हे घालणाऱ्याला पहिल्याच दिवशी सांगितले जाते. रिकाम्या जागी काय वाढायचे, हे मात्र कोणी सांगत नाही.

आमच्याच घरची गोष्ट सांगतो. १९९८ सालच्या आषाढीला थोरल्या दादांनी माळ घातली. तोवर आमचे घर चारचौघांसारखे खाणारे. रविवारी मटण, आठवड्यात एकदोनदा अंडी, आणि भाजीची ओढ असली की सुकट किंवा बोंबील. दादांनी माळ घातली आणि त्या संध्याकाळपासून चुलीवरचे ते वेगळे पातेले उतरले ते कायमचे. वहिनींनी माळ घातली नव्हती. त्यांना कोणी विचारलेही नव्हते. "दोन चुली कोण मांडत बसणार, भावजी?" एवढेच त्या म्हणाल्या आणि त्याही शाकाहारी झाल्या. शिवाय नवऱ्याबरोबर एकादशी धरली, सोमवार आधीचा होताच, त्यात गुरुवारची भर पडली.

आता त्या ताटाचा हिशेब पाहा. मटण गेले, अंडी गेली, सुकट गेली. त्यांच्या जागी काय आले? काहीच नाही. भाकरी तीच, आमटी तीच, फक्त बटाटा जास्त दिसू लागला. गोठ्यात दोन म्हशी होत्या, पण दूध सकाळ-संध्याकाळ डेअरीला जात असे. मागे राही ते दादांच्या पेल्यात, नातवाच्या वाटीत आणि उरले तर चहात. वहिनी सगळ्यांत शेवटी जेवायच्या. तोवर आमटीत दोनदा पाणी वाढलेले असायचे. दिवाळीला मी गावी गेलो की त्यांच्या हातच्या पिठल्याची तोंडभरून तारीफ करीत असे. त्या स्वतः काय जेवतात, हे पाहायला एकदाही थांबलो नाही.

पाच-सहा वर्षे सुरळीत गेली. मग वहिनींना थकवा येऊ लागला. जीभ लाल होऊन सोलल्यासारखी दुखे. पायाला मुंग्या येत. 'रक्त कमी आहे' असे निदान झाले आणि लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या. त्याने थोडी तरतरी आली, म्हणून सगळे निश्चिंत झाले. पण मुंग्या थांबेनात. अंधारात चालताना तोल जाऊ लागला. उकळी आलेले दूध विसरू लागल्या. घरातले म्हणाले, वय झाले. त्या वेळी त्यांनी साठीही गाठली नव्हती. एकदा मला म्हणाल्या, "पायात चप्पल हाय का निसटली, त्येबी कळंना झालंय बगा." मी हसण्यावारी नेले. ते हसणे मला आजही टोचते.

अखेर २००७ साली त्यांना पुण्याला नेले. तिथल्या डॉक्टरांनी आधी काय खाता ते विचारले, मग पायाला कंप पावणारा चिमटा लावून पाहिला आणि ब-१२ जीवनसत्त्वाची तपासणी करायला सांगितली. अहवालातला आकडा किमान मर्यादेच्या निम्माही नव्हता. डॉक्टरांनी त्या दिवशी जे समजावले ते मी तेव्हाच वहीत उतरवून घेतले होते.

ब-१२ कोणतीही वनस्पती तयार करीत नाही. ते सूक्ष्म जिवाणू तयार करतात आणि आपल्याला मिळते ते प्राण्यांपासून येणाऱ्या अन्नातून. मांस, मासे, अंडी, दूध, दही यांतून. सर्वांत जास्त असते ते काळजात. गरज अगदी थोडी, प्रौढ माणसाला दिवसाला दोन मायक्रोग्रॅमच्या आसपास. पण तेवढ्याशिवाय रक्ताच्या पेशी धड तयार होत नाहीत आणि मज्जातंतूंवरचे आवरण झिजते. शरीर याचा साठा यकृतात करून ठेवते आणि तो काही वर्षे पुरतो. मला हे लगेच कळले, कारण ही बँकेतलीच गोष्ट आहे. जमा बंद झाली तरी जुन्या ठेवीवर खाते कित्येक महिने चालते. खातेदाराला वाटते सारे ठीक आहे. ज्या दिवशी धनादेश परत येतो त्या दिवशी कळते, आणि तोवर आपण जमा करणे कधी थांबवले हेच आठवत नसते. वहिनींच्या पायांचा आणि दादांच्या माळेचा संबंध कोणाला सुचला नाही तो यामुळेच.

दुसरी गोष्ट अधिक गंभीर. लोहाच्या ज्या गोळ्या आपल्याकडे सर्रास दिल्या जातात, त्यांत बहुधा फॉलिक ॲसिडही असते. ब-१२ ची कमतरता असताना नुसते फॉलिक ॲसिड दिले तर रक्त सुधारल्यासारखे दिसते, पण मज्जातंतूंची हानी आतल्या आत चालूच राहते. आमच्या घरी नेमके हेच झाले.

इंजेक्शन लिहून दिले तेव्हा दादा अवघडून उभे राहिले. "हे कशापासून करतात डॉक्टर? आम्ही माळकरी आहोत." डॉक्टर हसले नाहीत, याचे मला फार बरे वाटले. ते म्हणाले, दादांची शंका बरोबर आहे. १९२६ साली अमेरिकेत मायनॉट आणि मर्फी या डॉक्टरांनी असाध्य मानलेला पंडुरोग काळीज खायला घालून आटोक्यात आणला आणि पुढे बरीच वर्षे काळजाच्या अर्काची इंजेक्शने दिली जात. १९४८ साली त्यातले ब-१२ वेगळे काढता आले. आता ते मोठमोठ्या टाक्यांत जिवाणूंकडून तयार करून घेतात, प्राण्याचा त्यात संबंध नाही. फक्त कॅप्सूलचे टरफल पुष्कळदा जिलेटिनचे, म्हणजे प्राण्यांच्या हाडा-कातड्यापासून केलेले असते. तेव्हा माळकऱ्याने साधी गोळी मागावी. दादांच्या चेहऱ्यावरचा ताण उतरला. श्रद्धा आणि औषध यांची गाठ अशी दोन वाक्यांत सुटते, पण ती वाक्ये कोणीतरी आदराने बोलावी लागतात.

हे एका घराचे दुखणे असते तर मी रविवारी तुमचा वेळ घेतला नसता. पुण्याच्या केईएम रुग्णालयाच्या संशोधन केंद्रातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुणे परिसरातल्या खेड्यांतील, झोपडपट्टीतील आणि शहरी मध्यमवर्गातील ४४१ मध्यमवयीन पुरुषांची तपासणी केली. २००६ साली ती प्रसिद्ध झाली. त्यांपैकी ६७ टक्के पुरुषांत ब-१२ कमी आढळले, आणि मध्यमवर्गीयांत तर ८१ टक्के. शाकाहाऱ्यांना हा धोका चौपटीहून अधिक होता. म्हणजे पिढ्यान् पिढ्या शाकाहारी असलेल्यांनीही निर्धास्त राहावे अशी स्थिती नाही. बायकांच्या पंडुरोगाची कथा तर याहून जुनी आहे. १९२८ साली लुसी विल्स नावाच्या इंग्रज डॉक्टर मुंबईत आल्या आणि गिरणगावातल्या गरोदर कामकरी स्त्रियांच्या पंडुरोगाचा माग काढता काढता त्या थेट त्यांच्या ताटापर्यंत पोचल्या. यीस्टच्या अर्काने या स्त्रिया सुधारतात हे त्यांनी १९३१ साली दाखवले. त्या अर्कातला गुणकारी भाग पुढे फॉलिक ॲसिड म्हणून ओळखला गेला. आज नव्वदेक वर्षांनंतर, २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांत रक्त कमीच आढळले आहे.

आता कोणी म्हणेल, आमचे आजे-पणजे माळकरी होते, त्यांना काही झाले नाही. झाले नाही की मोजले नाही, हा एक प्रश्न. 'म्हातारपणाने पाय गेले' असे आपण किती जणांबद्दल ऐकले आहे! दुसरे असे की, त्यांच्या घरी रवी होती. दूध विकले जात नव्हते, ते घरातच दही-ताक होऊन पोटात जाई. कोणी एखादा माळकरी पैलवान दाखवतो. पैलवान खरा, पण त्याच्यामागची दुधाची किटली कोणी दाखवत नाही.

मग करावे काय? महागडे काहीच नाही. आपल्या सातारी मुलखात शाकाहाराला लागणारे जवळजवळ सगळे पिकते. साधारण साठ किलो वजनाच्या माणसाला रोज पन्नास ग्रॅमच्या आसपास प्रथिने लागतात. दिवसभरातल्या चार भाकऱ्यांतून तीसेक ग्रॅम मिळतात, वाटीभर मटकीच्या उसळीतून आठ, घट्ट आमटीतून सहा, मूठभर शेंगदाण्यांतून सात आणि पाव लिटर दुधातून आठ. बेरीज सहज भरते. धान्यात जे कमी ते कडधान्यात असते आणि कडधान्यात जे कमी ते धान्यात, म्हणून दोन्ही हवीत. नुसती भाकरी-चटणी किंवा नुसता भात-बटाटा उपयोगाचा नाही. हुलग्याचे माडगे, चवळी, मूग, कोरेगावचा वाघ्या घेवडा ही सगळी पडद्याआड गेलेली मंडळी ताटात परत आणावीत. मटण गेले त्या रविवारी निदान घेवड्याची रस्सेदार उसळ तरी व्हावी. रविवार हा रविवारसारखा वाटला पाहिजे.

लोहासाठी बाजरी, हरभऱ्याचा पाला, तांदळी, तीळ, कारळ्याची चटणी. पण वनस्पतींतले लोह शरीरात सहजी शिरत नाही. त्याला लिंबाची किंवा आवळ्याची सोबत लागते आणि चहा त्याच्या वाटेत आडवा येतो. जेवण आणि चहा यांत तास-दीड तासाचे अंतर ठेवावे. कडधान्याला मोड आणावेत, त्यानेही लोह चांगले मिळते. एकादशीला साबुदाण्याच्या ढिगावर विसंबू नये. तो निव्वळ पिष्ट, त्यात जीव असतो तो दाण्याच्या कुटाचा. त्याऐवजी राजगिरा आणि दही चालते, आणि तेही उपासाचेच आहे.

राहिले ब-१२. पाव लिटर दुधातून ते साधारण एक मायक्रोग्रॅम मिळते. म्हणजे दूध-दही-ताक मिळून रोज अर्धा लिटर पोटात जात असेल तर निभते. ज्याला ते झेपत नाही त्याने डॉक्टरांना विचारून गोळी घ्यावी. आंबवलेल्या पदार्थांतून किंवा अमुक पाल्यातून भरपूर मिळते असे कोणी सांगितले तर विसंबू नये. मधुमेहाची मेटफॉर्मिन किंवा आम्लपित्ताच्या गोळ्या वर्षानुवर्षे घेणाऱ्यांचे शरीर हे जीवनसत्त्व कमी शोषते, त्यांनी तर तपासणी टाळूच नये. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या स्त्रियांबाबत हयगय मुळीच नको, कारण तिथे एका ताटावर दोन जीव असतात.

पण माझ्या मते या सगळ्यापेक्षा मोठी गोष्ट एकच आहे. माळ एकजण घालतो आणि ताट सगळ्या घराचे बदलते. घालणाऱ्याला निदान आपल्या निश्चयाचे बळ असते, मानाचा पेला असतो. ज्यांनी घातली नाही, पण ज्यांचे ताट बदलले, त्यांची चौकशी कोण करणार? माळ देणाऱ्या वडीलधाऱ्यांनी 'मांस सोड' म्हणताना त्याच दमात 'घरातल्या बाईला दूध राख' एवढे म्हटले तर एखाद्या सरकारी योजनेने होणार नाही ते काम होईल. त्यांचा शब्द गावात चालतो.

वहिनींना इंजेक्शनांनी पुष्कळ गुण आला. विसरभोळेपणा गेला, तोल सावरला. डाव्या पायाची बोटे मात्र अजून बधिरच आहेत. उशीर झाला की थोडे कायमचे जाते, असे डॉक्टर म्हणाले होते. आता घरी एक नियम आहे. दूध डेअरीला न्यायच्या आधी दादा स्वतः उठतात, किटलीतून वहिनींचा तांब्या भरून बाजूला ठेवतात आणि मगच कॅनचे झाकण लागते. अलीकडे एकदा सकाळी मी ते पाहत उभा होतो. वहिनी म्हणाल्या, "आता कशाला येवढं, भावजी? सांगा की ह्यास्नी." मी काही सांगितले नाही. तांब्या उचलून त्यांच्या हातात दिला.