खानदेशचे आकाश कुणाला आंदण दिले?

जळगावचा विमानतळ मार्च २०१२ मध्ये खुला झाला. जळगावच्याच कन्या प्रतिभाताई पाटील तेव्हा राष्ट्रपती होत्या. धावपट्टी झाली, इमारत उभी राहिली, भाषणे झडली. छोटी शहरे जोडण्याच्या केंद्राच्या 'उडान' योजनेतले विमान यायला मात्र डिसेंबर २०१७ उजाडला! आले ते एअर डेक्कनचे १९ आसनांचे विमान; काही महिन्यांत तेही दिसेनासे झाले. सप्टेंबर २०१९ मध्ये ट्रूजेट आली. मधे कोरोना आला हे मान्य. पण फेब्रुवारी २०२२ मध्ये त्या कंपनीनेच गाशा गुंडाळला. पुन्हा दोन वर्षे शुकशुकाट. मग २०२४ मध्ये गोव्याची फ्लाय९१ आणि पाठोपाठ सरकारी अलायन्स एअर. सात वर्षांत चार कंपन्यांचा हा खेळ झाला, आणि वर जळगावकरांनाच टोमणा की तुमच्याकडे प्रवासी नाहीत!

प्रवासी नाहीत? रावेर-यावलची केळी परदेशी जाते, इथल्या सराफ बाजाराला साऱ्या राज्यातून गिऱ्हाईक येते, ठिबक, पाइप, चटई, डाळ यांचे कारखाने इथे आहेत. सकाळी अकराला मुंबईत महत्त्वाचे काम असलेला माणूस बेभरवशाच्या विमानावर विसंबेल काय? तो आदल्या रात्रीच बॅग घेऊन रेल्वेच्या फलाटावर उभा असतो. आधी सेवा अशी चालवायची की शहाण्याने तिकीट काढू नये, आणि मग मागणी नाही म्हणून गळा काढायचा!

या रोगाचे मूळ 'उडान'च्या रचनेतच आहे. मार्ग जिंकणाऱ्या कंपनीला तीन वर्षे तूट भरून मिळते आणि तेवढाच काळ त्या मार्गाची मक्तेदारीही. नवख्याला आधार हवा, हे आम्हाला कळते. पण विमान उडत नसतानाही मार्ग अडवून बसलेल्याला जाब कोण विचारतो? 'कॅग'च्या २०२३ च्या अहवालाने या योजनेचे वस्त्रहरणच केले. तिसऱ्या टप्प्यापर्यंत वाटलेल्या ७७४ मार्गांपैकी ४०३ सुरूच झाले नाहीत. सुरू झालेल्या ३७१ पैकी तीन वर्षे पुरी करणारे अवघे ११२, आणि अनुदान संपल्यावर मार्च २०२३ पर्यंत तगलेले ५४. शंभरातले सात! या तुटीसाठी मोठ्या मार्गांवरील उड्डाणांवर अधिभार बसतो, राज्याची तिजोरीही हिस्सा देते. म्हणजे पैसा शेवटी तुमचा-आमचाच.

दुसरीकडे देशातले दहापैकी नऊ विमानप्रवासी इंडिगो आणि एअर इंडिया या दोनच घरांच्या हाती. जेट गेली, गो फर्स्ट गेली. डिसेंबर २०२५ मध्ये एकट्या इंडिगोचे वैमानिकांच्या विश्रांतीचे गणित चुकले, तर हजारो उड्डाणे रद्द झाली आणि सरकारला तिकिटांवर कमाल दर लादावे लागले. जळगावच्या धावपट्टीवर उतरू शकणारी छोटी एटीआर विमाने इंडिगोकडे आहेत. ती इतर छोट्या शहरांत जातात, जळगावला नाहीत. खासगी कंपनी नफा पाहणारच, त्याबद्दल आमचा राग नाही. राग आहे तो स्पर्धा संपत असताना डोळे मिटून बसलेल्या सरकारवर.

धुळ्याची थट्टा तर याहून क्रूर. गोंदूरच्या धावपट्टीवर वैमानिक शिकतात, शिरपूरलाही शिकतात. त्यांच्या विमानांची घरघर धुळेकर ऐकतो आणि स्वतः विमान गाठायला ओझर, शिर्डी किंवा संभाजीनगरची वाट धरतो.

आमचे मागणे भीक नाही. मार्ग घेऊनही विमान न उडवणाऱ्याची मक्तेदारी महिन्याभरात रद्द करा आणि मार्ग दुसऱ्यासाठी खुला करा. अनुदान ठरल्या वेळी उडालेल्या विमानालाच द्या. रद्द झालेल्या फेऱ्यांचा हिशेब दरमहा विमानतळाच्या दारावर लावा. आणि मुख्य म्हणजे मुंबईच्या विमानतळावर विमानाला मिळणारी वेळ. सकाळी जाऊन संध्याकाळी परतता येत नसेल, तर व्यापाऱ्याला त्या विमानाचा उपयोग काय? मुंबईत जागा नाही, हे तुणतुणे आम्ही वर्षानुवर्षे ऐकले. डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबईचा विमानतळ सुरू झाला आहे. आता ती सबबही उरली नाही. खानदेशातल्या खासदारांनी आणि मंत्र्यांनी श्रेयाची भांडणे बाजूला ठेवून एकाच प्रश्नाचे लेखी उत्तर आणावे: तिथली सकाळची एक वेळ जळगावसाठी राखली आहे काय? हो की नाही?