पट्ट्यावर बाईचं नाव कुठाय?

गावकऱ्यांनो, शहरातल्या लोकांची इस्टेट बँकेत असते, सोन्यात असते, प्लॉटात असते. वकील गाठून ते जिवंतपणीच मृत्युपत्र करून ठेवतात. आपली इस्टेट म्हणजे डोंगराच्या कडेचे दोन-चार एकर. ते नातवापर्यंत कसे पोचतील याचा विचार आपल्याकडं कधी होतो? बाप गेल्यावर, तेराव्याचं जेवण आटोपून भांडण लागलं की.

हिंगोली जिल्हा पाचव्या अनुसूचीत नाही, इथं पेसा नाही. म्हणून काही शहाणे सांगत फिरतात की इथं आदिवासीच्या जमिनीला संरक्षणच नाही. साफ खोटं! जमीन महसूल कायद्याचं कलम 36-अ 1974 पासून आहे. ते कळमनुरीला लागू, औंढ्याला लागू, सेनगावलाही लागू. आंधाची जमीन बिगर-आदिवासीनं विकत घ्यायची, गहाण घ्यायची किंवा खंडानं करायची तर कलेक्टरची परवानगी लागते. विक्रीला तर वरून सरकारची मंजुरी. शंभराच्या बाँडवर घेतलेला अंगठा म्हणजे परवानगी नव्हे. 1957 ते 1974 या काळात गेलेल्या जमिनी परत द्यायचा कायदा झाला, तेव्हा जमिनी बळकावून बसलेले सुप्रीम कोर्टापर्यंत गेले. 1984 मध्ये कोर्टानं कायदाच उचलून धरला.

वनहक्काचा पट्टा याहून पक्का. 2006 च्या कायद्याचं कलम 4(4) सांगतं की हा हक्क वारसाला जातो, पण विकता येत नाही, दुसऱ्याच्या नावे करता येत नाही. आणि लग्न झालेलं असेल तर नोंद नवरा-बायको दोघांच्या नावानं. "वाटलं तर करा" असं तिथं लिहिलेलं नाही. दाव्याच्या फॉर्मात दुसराच रकाना जोडीदाराच्या नावाचा आहे. तो मोकळा सोडणारे सगळे काही कचेरीतले कारकून नाहीत, आपले पुरुषही आहेत.

नाव नसलं की काय होतं ते बघा. नवरा गेला की दीर म्हणतो, माहेरी जा. पोरगा मुकादमाची उचल घेतो आणि ती फिटेना म्हणून वावर दुसऱ्याला लावून देतो. त्या वावरातले दगड जिनं वेचले तिला कुणी विचारतही नाही, कारण कागदावर ती नाहीच.

लेकीचं म्हणाल तर लगेच ऐकू येतं, "लेकीला दिली की जमीन परक्याच्या घरात जाते." असं? सावकाराच्या पेटीतले बाँड काढून बघा, अंगठे कुणाचे आहेत? लेकींचे? आपली लेक बहुतेक आंधाच्याच घरी जाते. जमीन आदिवासीकडंच राहते. सावकाराकडं गेलेली मात्र कोर्टकचेरी केल्याशिवाय फिरत नाही.

1956 चा हिंदू वारसा कायदा अनुसूचित जमातींना लागू नाही, त्याच्या कलम 2(2) मध्येच तसं लिहिलंय. म्हणून आपल्या लेकीचा वाटा जमातीच्या रूढीवर टांगलेला आहे. रूढी काही तहसीलदारानं घातलेली नाही, आपण घातली. मग बदलायला कुणाची परवानगी पाहिजे?

येत्या ग्रामसभेत प्रत्येक पट्टा वाचून दाखवा. एकट्याच्या नावानं आलेला असेल तर बायकोचं नाव लावण्याचा ठराव घ्या आणि उपविभागीय समितीकडं अर्ज करा. घरातलं माणूस गेलं असेल तर सातबाऱ्याच्या वारस नोंदीसाठी तीन महिन्यांच्या आत तलाठ्याला लेखी कळवा. विधवेचं आणि लेकींचं नाव त्यात घाला. अर्ज दोन प्रतींत, एका प्रतीवर सही-शिक्क्याची पोच. "उद्या या" म्हणाले तर बाया घेऊन जा.