नव्या घराची आस
ऋत्विक घटकांच्या ‘सुवर्णरेखा’ (१९६५) या चित्रपटातील फाळणीने उखडलेली बालिका नव्या घराची आस धरते. अखेरीस तिचा अनाथ मुलगा तीच आस धरून चालू लागतो. डहाणूस हे दुःख परके नव्हे. संजाण पडल्यावर पारशांनी आपला पवित्र अग्नी येथल्याच बाहरोटच्या डोंगरात बारा वर्षे जपला, असे परंपरा सांगते. आता प्रश्न यजमानांचाच आहे. तलासरीत बुलेट ट्रेनसाठी आदिवासींच्या जमिनी गेल्या. वाढवण बंदराची पायाभरणी २०२४ साली झाली. तेथील मच्छीमाराचे घर कदाचित जागेवर राहील. परंतु होडीची वाट बुजल्यावर ते घर कसले? भरपाईच्या हिशेबात हे बसत नाही. भरावाचे काम पुढे नेण्याआधी मासेमारीस कोणता समुद्र उरणार, हे सरकारने लेखी सांगावे, अशी आमची मागणी आहे.