भाऊबिजेच्या दुसऱ्या दिवशीचा बर्फ

दिवाळी आली की आमच्या कनेटिकटमध्ये अजूनही कुणीतरी २०११ ची आठवण काढतंच. त्या वर्षी २८ ऑक्टोबरला भाऊबीज झाली आणि २९ ला, शनिवारी, आमचा दिवाळीचा कार्यक्रम होता. साताऱ्याहून सासूबाई आल्या होत्या. "बर्फ बघायला मिळेल का गं?" त्या रोज विचारायच्या. "आई, तो जानेवारीत," मी सांगायचे.

शनिवारी दुपारी बर्फ सुरू झाला. उत्तरेकडून थंड हवा खाली उतरली होती आणि त्याच वेळी कमी दाबाचं क्षेत्र किनाऱ्याकिनाऱ्याने वर सरकत होतं. अटलांटिकने उन्हाळ्याची ऊब अजून धरून ठेवलेली, त्यामुळे बाष्पाला तोटा नव्हता. तापमान शून्याच्या आसपास, म्हणून बर्फ भुसभुशीत नव्हे, तर ओला आणि जड होता. त्यात झाडांवर पानं तशीच! जानेवारीत उघड्या फांद्यांवर बर्फ फारसा टिकत नाही. तेव्हा तो पानापानावर साठत गेला. रात्रभर फांद्या कडाडत मोडत होत्या. ब्रॅडली विमानतळावर १२.३ इंच बर्फ पडला, मॅसॅच्युसेट्समधल्या पेरू गावात ३२ इंच. आमच्या राज्यात ८ लाखांहून अधिक ग्राहकांची वीज गेली. त्यात आम्हीही होतो.

कार्यक्रम रद्द झाला. त्यासाठी केलेल्या दीडशे करंज्या घरातच राहिल्या. हीटर बंद, शेगडीही विजेची.

रविवारी सकाळी दुलई पांघरून खिडकीशी बसलेल्या सासूबाईंनी समोर बोट दाखवलं. "तिथे कोण राहतं?"

"एक म्हाताऱ्या बाई. एकट्याच असतात."

"नाव काय त्यांचं?"

सात वर्षं समोरासमोर राहून मला नाव सांगता येईना. सासूबाई काही बोलल्या नाहीत. डब्यात करंज्या आणि चिवडा भरला आणि म्हणाल्या, "चल."

बाई कोट घालून अंधारात बसल्या होत्या. घरात लाकडांची शेगडी होती, पण लाकडं मागच्या शेडमध्ये आणि वाट मोडलेल्या फांद्यांनी अडलेली. आमच्या ह्यांनी आणि मुलांनी वाट मोकळी करून लाकडं आत आणली. पुढच्या सहा रात्री आम्ही सगळे त्यांच्याच हॉलमध्ये झोपलो. चहा त्याच शेगडीवर. सासूबाईंना इंग्रजी येत नव्हतं, त्यांना मराठी. तरी दोघींच्या गप्पा माझ्यापेक्षा जास्त झाल्या.

त्यानंतर दर भाऊबिजेला त्यांच्याकडे डबा जायचा. तीन वर्षांपूर्वी त्या गेल्या. गेल्या ऑगस्टपासून तिथे नवं कुटुंब राहायला आलंय.

परवा साताऱ्याहून फोन आला. "समोर कोण आलंय गं?"

"आलंय कुणीतरी, आई," मी म्हटलं, आणि पलीकडे शांतता पसरली. ती शांतता माझ्या ओळखीची होती. करंज्या तळून झाल्यात. हा अंक तुमच्या हाती पडेल तोवर नाव विचारून आलेली असेन.