झाडाचे सुतक

तुकाराम बीजेला भर दुपारी देहूत हजारो माणसे एका झाडाकडे टक लावून उभी असतात. वैकुंठगमन मंदिरापाशी असलेला तो नांदुरकीचा वृक्ष. बाराच्या सुमारास त्याची पाने हलतात, अशी वारकऱ्यांची श्रद्धा आहे. आळंदीत ज्ञानेश्वरांच्या समाधीजवळ अजानवृक्ष आहे. त्याच्या सावलीत ज्ञानेश्वरीची पारायणे चालतात. या दोन झाडांवर कुऱ्हाड चालवण्याचा विचारही कुणाच्या मनात येणार नाही.

या दोन गावांच्या आसपासचा पट्टा मात्र दोन-तीन पिढ्यांत पार बदलला. १९५४ मध्ये पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आली, १९६२ मध्ये एमआयडीसी स्थापन झाली, मग टेल्को, बजाज, आणि २००९ मध्ये चाकणला फोक्सवॅगन, मर्सिडीज. मराठवाडा-विदर्भातून आलेल्या कितीतरी घरांच्या चुली या पट्ट्याने पेटत्या ठेवल्या. कारखाना हा झाडाचा वैरीच असतो, असेही नाही. टेल्कोच्या आवारात सुमंत मुळगावकरांनी उजाड माळावर तळे करवून हजारो झाडे वाढवली. जुनी झाडे गेली ती मुख्यतः रस्त्यांपायी.

पुणे-नाशिक रस्त्याला एके काळी वडांची सोबत होती. खेड ते सिन्नर चौपदरीकरण झाले तेव्हा जुनी झाडे मोठ्या प्रमाणावर तुटली. बदल्यात लावायच्या रोपांचा प्रश्न राष्ट्रीय हरित लवादापर्यंत गेला. पण दुखवटा कुणी पाळला? माणूस गेला की दहावा होतो, तेरावा होतो, लोक भेटायला येतात. वडाच्या बुंध्यावर करवत फिरते तेव्हा मागे वाहने हॉर्न वाजवत थांबलेली असतात आणि संध्याकाळपर्यंत लाकूड ट्रकमध्ये चढलेले असते. त्या झाडाखाली वर्षानुवर्षे एसटीची वाट पाहिलेल्या माणसाने हळहळायचे तरी कुठे आणि कुणापाशी?

हे दुःख एका जुन्या राजकीय दस्तऐवजाला कळले होते. रामचंद्रपंत अमात्यांनी १७१५ च्या सुमारास लिहिलेल्या ‘आज्ञापत्रा’त आंबा-फणसाचे लाकूड आरमाराच्या कामाचे आहे, हे आधी मान्य केले आहे. तरीही या झाडांना हात लावू नये, अशी ताकीद आहे. ती उभी राहायला फार काळ जातो, रयतेने त्यांना पोटच्या पोरांप्रमाणे सांभाळलेले असते, तेव्हा तोडल्यावर तिच्या यातनांना सीमा राहणार नाही, असे त्याचे कारण दिले आहे. एखादे जीर्ण झाड घ्यायचेच, तर धन्याला राजी करून आणि मोल देऊन. राज्यकारभाराच्या नियमात रयतेच्या दुःखाला कारण म्हणून स्थान मिळावे, हे आजही थक्क करते.

आजच्या कायद्यात ते कुठे बसते? १९७५ च्या वृक्षसंरक्षण कायद्यात २०२१ मध्ये दुरुस्ती झाली. ५० वर्षे वा त्याहून जुने झाड ‘हेरिटेज’ ठरले; ते तोडायचे तर त्याच्या वयाइतकी रोपे लावून सात वर्षे जगवण्याची अट आली. झाडाचे वय मोजले जाऊ लागले, हे मोठेच पाऊल. तरी शंभर रोपे म्हणजे शंभर वर्षांचा वड नव्हे. वडाच्या लाल फळाच्या पोटात शेकडो बारीक फुले असतात आणि त्यांचे परागण एक चिमुकला कीटक करतो. त्याचे प्रौढ आयुष्य एक-दोन दिवसांचे. तेवढ्यात त्याला दुसरा, नेमकी परागणाला तयार अशी कोवळी फळे धरलेला वड गाठावा लागतो. एक जुना वड गेला की उरलेल्यांमधले अंतरही वाढते. तांबट, हरियाल, वटवाघळे यांची पंगत उठते ती वेगळीच.

वटपौर्णिमेला हे अंतर नव्या वसाहतींतही जाणवते. जवळ वड नाही म्हणून बाजारातून फांदी आणायची, कुंडीत खोचायची आणि तिलाच सूत गुंडाळायचे. ती फांदी दुसऱ्या कुठल्या तरी वडाची ओरबाडून आणलेली असते. त्या बायकांना दोष कसा द्यावा? त्यांच्या वाटेवरचे झाडच गेले आहे.

फेब्रुवारी २०२० मध्ये बीडजवळ पालवणच्या सह्याद्री देवराईत सयाजी शिंदे आणि अरविंद जगताप यांच्या पुढाकाराने वृक्षसंमेलन भरले. त्याचे अध्यक्षपद एका वडाला दिले होते. जिवंत झाडाला मान देण्याची ही रीत फार सुंदर. पण त्यानंतर दोनच वर्षांनी मुंबईत सांताक्रूझला मेट्रोसाठी जुनी गोरखचिंच तोडली गेली.

आता पुन्हा नाशिक रस्त्याची पाळी आहे. २ ऑगस्ट २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने नाशिक फाटा ते खेड या ३० किलोमीटरच्या आठपदरी उन्नत मार्गाला मंजुरी दिली. खर्च ७,८२७ कोटी रुपये. चाकणच्या कोंडीत रोज अडकणाऱ्या कामगाराला हा रस्ता हवा आहे आणि त्याची गरज खरी आहे. मात्र या मार्गावर उरलेल्या प्रत्येक जुन्या झाडाची नोंदवही झाली पाहिजे. बुंध्याचा घेर, अंदाजे वय, फळण्याचे महिने, घरटी, आणि त्याखाली कुणी दुकान मांडले, कुणाचे लग्न ठरले, तेही त्यात यावे. जिथे खांब थोडा सरकवून झाड वाचते, तिथे खांब सरकवावा. जे झाड जाणारच आहे, त्याच्या तोडीचा दिवस आधी जाहीर करावा, म्हणजे गावाला शेवटचे भेटायला येता येईल. भोसरी, मोशी, चिंबळी, कुरुळी, चाकण, खेड इथल्या वाचकांनी आपापल्या झाडाविषयी लिहून पाठवावे. पुढच्या दिवाळी अंकाची पाने त्यासाठी राखून ठेवली आहेत.